कायद्याच्या प्रवेशपरीक्षेतील तर्कप्रश्न

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ येथील एखाद्या बारावी उत्तीर्ण मुलाला किंवा मुलीला वकील व्हावयाचे असेल, तर त्यापुढे आज वाटा पुष्कळ आहेत. लातूरचे दयानंद विधी महाविद्यालय जवळ आहे, नांदेडचे नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय त्यापलीकडे आहे. आणि उमेद मोठी असेल तर पुण्याचे १९२४ साली निघालेले आय. एल. एस. विधी महाविद्यालय किंवा मुंबईचे १८५५ सालचे शासकीय विधी महाविद्यालय आहे. या शेवटच्या संस्थेचे प्राचार्यपद १९३५ ते १९३८ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले होते, हे मराठवाड्यातील पुष्कळ घरांत अभिमानाने सांगितले जाते. या साऱ्या वाटांच्या तोंडाशी २०१६ सालापासून एकच दार आहे, ते म्हणजे राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी या परीक्षेत पूर्वी दीडशे प्रश्न असत. आता १२० असतात, वेळ दोन तासांचा, म्हणजे प्रश्नास एक मिनिट. त्या १२० प्रश्नांपैकी ३२ प्रश्न तर्काचे व विश्लेषणाचे असतात. चौथ्या हिश्शाहून अधिक गुण या एका विषयावर अवलंबून आहेत, आणि मुंबईतल्या मुलाची व शिरूरच्या मुलीची मोजणी एकाच मापाने व्हावयाची आहे.

बाकीच्या विषयांची धास्ती निराळ्या प्रकारची असते. सामान्यज्ञान वर्तमानपत्रांतून जमविता येते. इंग्रजीचा पाया बारा वर्षे कमीअधिक घातलेलाच असतो. कायद्याची तोंडओळख एखाद्या पुस्तकातून होते. तर्काला मात्र शाळेत पुस्तक नसते, तास नसतो, आणि म्हणून घरात असे बोलले जाते की, 'हे ज्याच्या त्याच्या बुद्धीचे काम आहे. असेल तर असेल, नसेल तर काय करावे?' ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय ती महाग पडणारीही आहे. तर्काचे प्रश्न मोजक्या नियमांवर चालतात. ते नियम शिकविता येतात आणि शिकता येतात. त्यांपैकी पुष्कळसे आपल्या भाषेत व आपल्या परंपरेत आधीपासून घर करून बसलेले आहेत.

पहिली गोष्ट अशी की, तर्काचा प्रश्न जगात काय खरे आहे ते विचारीत नाही. समोर जी विधाने दिली आहेत ती मान्य केली, तर त्यांतून काय निघते व काय निघत नाही, एवढेच तो विचारतो. उदाहरण घेऊ. 'सर्व नांगर लोखंडी आहेत. काही लोखंडी वस्तू गंजतात. म्हणून काही नांगर गंजतात.' हा निष्कर्ष बरोबर आहे काय? शेतकऱ्याचा मुलगा चटकन 'होय' म्हणेल, कारण पावसात राहिलेला नांगर गंजलेला त्याने पाहिलेला असतो. परंतु उत्तर 'नाही' असे आहे. ज्या काही लोखंडी वस्तू गंजतात त्या खिळे असतील, फाटके असतील, कुलुपे असतील. त्यांत नांगर असलाच पाहिजे असे दिलेल्या दोन वाक्यांत कोठेही म्हटलेले नाही. निष्कर्ष जगात खरा असून तर्कात अनाथ असू शकतो. उलट पहिलेच विधान घ्या. सर्व नांगर लोखंडी आहेत हे खरे नाही. लाकडी नांगर आजही कोठे कोठे दिसतो. तरी प्रश्न सोडविताना ते खरे धरूनच चालावे लागते. ज्याला स्वतःची माहिती दोन मिनिटे बाजूला ठेवता येत नाही, तो हुशार असूनही या प्रश्नात फसतो. पुष्कळदा हुशार आहे म्हणूनच फसतो. न्यायालयातही हाच शिरस्ता आहे. पुराव्यात आलेल्या गोष्टींवर निकाल द्यावयाचा असतो, गावात काय बोलले जाते त्यावर नव्हे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. प्रश्नपत्रिकेत युक्तिवाद येतो तो सहसा अपुरा असतो, आणि तो अपुरा आहे हेच प्रश्नाचे मर्म असते. हे समजण्यास गौतमाच्या न्यायसूत्रांतील पंचावयवी अनुमानाचा मोठा उपयोग होतो. 'डोंगरावर अग्नी आहे' ही प्रतिज्ञा. 'कारण तेथे धूर दिसतो' हा हेतू. 'जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात' हे उदाहरण. 'या डोंगरावरही तसाच धूर आहे' हा उपनय. आणि 'म्हणून तेथे अग्नी आहे' हे निगमन. या पाचांत सर्व भार तोलून धरणारे अंग तिसरे आहे. धूर व अग्नी यांचे नित्य साहचर्य, ज्याला नैयायिक व्याप्ती म्हणतात, ते तेथे उघड सांगितलेले असते. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहावर महाराष्ट्रातील जुन्या पाठशाळांतून विद्यार्थ्यांना घोटविले जाई ते मुख्यतः हेच. त्या ग्रंथाची यशवंत वासुदेव आठल्ये यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८९७ साली मुंबईस निघाली. आता गंमत अशी की, व्यवहारातला माणूस, वर्तमानपत्रातला लेखक आणि परीक्षेतला युक्तिवाद, तिघेही प्रतिज्ञा सांगतात, हेतू सांगतात आणि व्याप्ती गिळतात. गिळलेली ती व्याप्ती बाहेर काढणे यालाच प्रश्नपत्रिकेत 'गृहीतक ओळखा' असे म्हणतात.

शिरूर अनंतपाळ तालुक्यातील घरणी नदीवरच्या धरणाचेच उदाहरण पाहावे. 'यंदा घरणी प्रकल्पात पाणी कमी आहे. म्हणून यंदा या भागात उसाची लागवड कमी होईल.' ऐकताना हे वाक्य इतके सरळ वाटते की त्यात फट आहे असे मनातही येत नाही. तरी फट आहे. पहिला अर्धा भाग धरणाविषयी बोलतो, दुसरा उसाविषयी. दोहोंना जोडणारी गोष्ट न बोलताच राहिली आहे. ती अशी की, धरणाचे पाणी कमी पडले तर उसाला लागणारे पाणी दुसरीकडून मिळणार नाही. हे गृहीतक आहे याची परीक्षा सोपी आहे. ते उलटे करून पाहावे. समजा, शेतकऱ्यांच्या विहिरींना व बोअरना यंदा भरपूर पाणी आहे. मग मूळ निष्कर्षाचा पाय डळमळतो. जे वाक्य उलटे केल्याबरोबर युक्तिवाद कोसळतो, ते त्याचे आवश्यक गृहीतक समजावे. उलटे करूनही युक्तिवाद तसाच उभा राहिला तर ते वाक्य कितीही सुंदर असले तरी त्याला हात लावू नये.

या कसोटीची गरज का पडते? प्रश्नकर्ता पर्यायांत एक मोठे, भारदस्त वाक्य मुद्दाम घालून ठेवतो म्हणून. वरील प्रश्नात ते असे असेल : 'लातूर जिल्ह्यातील सर्व ऊस धरणांच्या पाण्यावरच होतो.' हे खरे असते तर युक्तिवादास बळ मिळाले असते यात शंका नाही; परंतु युक्तिवादाला एवढ्या मोठ्या आधाराची गरज नाही. तो फक्त एका भागाविषयी व एका वर्षाविषयी बोलतो आहे. 'सर्व', 'कधीही', 'केवळ', 'नेहमी' असे शब्द पर्यायात दिसले की लेखणी क्षणभर थांबवावी. ते पर्याय नेहमी चूक असतात असे नाही, पण त्यांना तेवढाच मोठा आधार मूळ वाक्यात आहे किंवा नाही हे पाहिल्याशिवाय ते स्वीकारू नयेत. राज्याच्या परीक्षेत हाच प्रकार लहान स्वरूपात येतो. 'विधान : मुलीस वकील करावयाचे असेल तर तिला लातूरला पाठवा. गृहीतक एक : लातूरला कायद्याच्या शिक्षणाची सोय आहे. गृहीतक दोन : लातूरला न गेलेले कोणीही वकील होत नाही.' येथे पहिले धरलेले आहे, दुसरे नाही. बोलणाऱ्याने एक चांगली वाट दाखविली, बाकीच्या वाटा बंद आहेत असे तो म्हणाला नाही.

गृहीतक सापडले की पुढचे दोन प्रकार, म्हणजे युक्तिवाद बळकट कशाने होईल व दुबळा कशाने होईल, हे जवळजवळ आपोआप सुटतात. गृहीतकाला आधार देणारी माहिती युक्तिवाद बळकट करते, त्यावर घाव घालणारी तो दुबळा करते. यासाठी असे एक उदाहरण घेता येईल की ज्याचा संबंध शिरूरसारख्या गावांतील शेकडो घरांच्या मिळकतीशी आहे. दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्यांतील यशामुळे 'लातूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्रभर झाले, आणि आज वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी दूरदूरची मुले लातूरला येऊन राहतात. आईबाप खोली घेतात, डबा लावतात, शुल्क भरतात. त्यामागचा तर्क असा असतो : 'अमुक शिकवणीतील मुलांना इतरांपेक्षा पुष्कळ अधिक गुण मिळतात, म्हणून त्या शिकवणीत घातल्यास आमच्याही मुलाचे गुण वाढतील.' हा युक्तिवाद कोणत्या माहितीने दुबळा होईल? 'शुल्क फार आहे' याने नाही. शुल्काचा गुणांशी संबंध नाही. 'त्या शिकवणीतील काही मुले नापास झाली' यानेही फारसा होणार नाही. कारण युक्तिवाद बहुसंख्यांच्या गुणांविषयी आहे. तो खरा दुबळा होतो तो या माहितीने : 'ती शिकवणी प्रवेश देतानाच चाळणी परीक्षा घेते आणि आधीच उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलांनाच घेते.' आता गुणांचे श्रेय शिकवणीचे किती आणि निवडीचे किती, हे सांगता येत नाही.

नैयायिकांनी या दोषाला फार पूर्वीच नाव दिले आहे. जेथे अग्नी आहे तेथे धूर असतो, असे कोणी म्हणू लागला तर ते त्याला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा दाखवीत. त्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का? तर लाकूड ओले आहे म्हणून. ते ओले सरपण म्हणजे उपाधी. धुराला लागणारी, पण विधानात न सांगितलेली अट. शिकवणीच्या युक्तिवादातील चाळणी परीक्षा ही अशीच उपाधी आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या आणि त्यांतील एक दुसरीचे कारण ठरविली गेली की विद्यार्थ्याने मनाशी तीन प्रश्न करावेत : तिसरीच गोष्ट या दोहोंच्या मुळाशी नाही ना? कारण व कार्य यांची अदलाबदल झाली नाही ना? की निव्वळ योगायोग आहे? निम्म्याहून अधिक 'दुबळे करा' प्रकारचे प्रश्न या तिघांपैकी एकाच्या उत्तराने सुटतात. शिकवणीला मुलास घालू नये, असा निष्कर्ष मात्र यातून कोणी काढू नये. तोही या माहितीतून निघत नाही.

याच ठिकाणी भाषेचा विचार करणे प्राप्त होते. राज्याच्या परीक्षेत तर्काचे प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही असतात. मराठीतून वाचणाऱ्यास ही सवलत खरी आहे. पण घरची भाषा सैल असते आणि तर्काची भाषा आवळलेली असते, याची जाणीव नसेल तर सवलतीचा सापळा होतो. मराठीतले चार-पाच लहान शब्द या परीक्षेत मोठ्या शब्दांपेक्षा अधिक माणसे बुडवितात.

त्यांतील पहिली जोडी 'तर' आणि 'तरच' यांची. 'पाऊस झाला तर रस्ता ओला होतो.' रस्ता कोरडा आहे, तेव्हा पाऊस झालेला नाही, हे यातून निघते. परंतु रस्ता ओला आहे म्हणून पाऊस झाला, हे निघत नाही. पाण्याचा टँकर गळत गेला असेल, आणि मराठवाड्यात ही शंका मुळीच काल्पनिक नाही. आता 'पाऊस झाला तरच पेरणी होईल' हे वाक्य घ्या. पेरणी झाली आहे असे कळले तर पाऊस झाला होता हे निश्चित. पण पाऊस झाला एवढ्यावरून पेरणी झालीच असे म्हणता येत नाही. बियाणे मिळाले नसेल, बैल आजारी असतील. 'तर'मध्ये पुढची गोष्ट घडण्यास पहिली पुरेशी असते, 'तरच'मध्ये ती आवश्यक असते. 'पावसाशिवाय पेरणी होत नाही' हे 'तरच'चेच दुसरे रूप. अडचण अशी की, घरात 'तर' म्हणून 'तरच'चा अर्थ घेण्याची आपल्याला सवय असते. 'पहिला आलास तर सायकल घेऊन देईन,' असे वडील म्हणाले की दुसरा आलेला मुलगा सायकलीची आशा सोडतो. वास्तविक वडिलांनी दुसऱ्या क्रमांकाविषयी एक अक्षरही काढलेले नाही. घरात मुलाची समजूत योग्य आहे, प्रश्नपत्रिकेत ती चूक आहे.

दुसरा शब्द 'च'. तो ज्या शब्दाला चिकटतो तेथे अर्थ वळतो. 'पदवीधरासच तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो' याचा अर्थ पदवी नसलेल्याला मिळत नाही. प्रत्येक पदवीधराला मिळतो असा नव्हे. 'पदवीधरास तीन वर्षांच्याच अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो' म्हटले की सगळाच अर्थ फिरतो. आता पदवीधराला पाच वर्षांचे दार बंद झाले. अक्षर तेच, जागा बदलली. कायद्याच्या कलमांचे वाचन हे पुढे जाऊन असल्याच जागांचे वाचन असते.

तिसरा शब्द 'काही'. 'काही मुले उत्तीर्ण झाली' असे कोणी बोलले की काही नापास झाली असे आपण मनात म्हणतो. तर्कात 'काही' म्हणजे निदान एक. सर्वच उत्तीर्ण झाली असली तरी हे वाक्य खोटे ठरत नाही. आणि सर्वांत फसवे वाक्य ते 'सर्व'बरोबर नकार आलेले. 'सगळे पाहुणे आले नाहीत' याचा अर्थ एकही आला नाही, की काही आले व काही राहिले? मराठीत दोन्ही अर्थ होतात. बोलताना आवाजाच्या चढउताराने निवाडा होतो, छापील कागदाला आवाज नसतो. असे वाक्य आले तर दोन्ही अर्थ लावून पाहावेत आणि कोणत्या अर्थाने पर्यायांतील एकच उत्तर उरते ते शोधावे. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली वाक्यमीमांसा व वाक्याचे पृथक्करण या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. व्याकरणाचा तो भाग शाळेत कंटाळवाणा म्हणून मागे पडला. तर्काच्या प्रश्नांची त्याहून चांगली पूर्वतयारी शोधून सापडणे कठीण.

नात्यांच्या प्रश्नांत मात्र मराठी मुलाचे पारडे निःसंशय जड आहे. इंग्रजीतल्या एका 'अंकल' शब्दात काका, मामा, मावशीचे यजमान व आत्याचे यजमान असे चौघे दाटीने बसतात. मराठीत प्रत्येकाला स्वतंत्र आसन आहे. पुतण्या आणि भाचा, आतेभाऊ आणि मावसभाऊ यांत घोटाळा होण्याचे कारण नाही. म्हणून इंग्रजी प्रश्न वाचतानाही नात्याचा धागा मनात मराठीत विणावा. फक्त मूळ शब्दाने जेवढे सांगितले तेवढेच घ्यावे आणि काका की मामा हे ठरत नसेल तर दोन्ही शक्यता उघड्या ठेवाव्यात. एक सावधगिरी या भागातील मुलांना विशेष लागते. मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची चाल आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढी असेल तेथे अशा निषिद्ध नात्यांतील विवाहास वाट ठेवली आहे. त्यामुळे ज्या घरात मामा हाच सासरा आहे तेथील मुलाला 'त्याचा मामा' आणि 'त्याचा सासरा' ही एकच व्यक्ती असू शकते हे अनुभवाने ठाऊक असते. प्रश्नात ते सांगितलेले नसेल, तर धरू नये. नांगराच्या उदाहरणातील नियम येथेही तोच.

बैठकीच्या कोड्यांना एकच औषध आहे, आणि ते म्हणजे कागद. डोक्यात मांडणी करणारा विद्यार्थी तिसऱ्या वाक्याला पहिले विसरतो. समजा, पंगतीत एका ओळीने पाच पाने मांडली आहेत आणि सर्वांची तोंडे उत्तरेस आहेत. जावई मधोमध बसले आहेत. काकांच्या लगेच उजवीकडे मामा आहेत. आजोबा टोकाला बसलेले नाहीत. पाचवे पान आत्याचे. तर जावयाच्या शेजारी निश्चितपणे कोण आहे? तोंड उत्तरेस असल्याने उजवी बाजू पूर्वेची, हे आधी कागदावर लिहावे. पश्चिमेकडून पाने मोजली तर जावई तिसऱ्यावर. काका-मामांची जोडी अखंड आहे, म्हणून ती पहिल्या-दुसऱ्या पानावर असेल किंवा चौथ्या-पाचव्यावर. पहिल्या मांडणीत आजोबांना चौथे पान मिळते व आत्याला पाचवे. दुसऱ्या मांडणीत आजोबा दुसऱ्यावर व आत्या पहिल्यावर. दोन्ही मांडण्या शक्य आहेत, कोणती खरी हे कळण्यास मार्ग नाही, आणि कळण्याची गरजही नाही. कारण दोहोंतही आजोबा जावयाला लागून आहेत आणि आत्या टोकाला आहे. 'निश्चितपणे' विचारले असता दोन्ही चित्रांत टिकेल ते उत्तर. 'शक्य आहे' म्हटले असता एका चित्रात सापडले तरी पुरे. एकच मांडणी निघाली पाहिजे या हट्टाने मुले येथे चार-चार मिनिटे घालवितात.

अंकमाला, सांकेतिक लिपी, दिशा यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्यांत सराव आहे, विचार थोडा आहे. रोज दहा प्रश्न केले तर महिन्या-दीड महिन्यात हात बसतो. कोड्यांचा हा भाग वकिलीला किती उपयोगी, याबद्दल इतरत्रही शंका घेतली गेली आहे. अमेरिकेत विधी महाविद्यालयांसाठी सामाईक परीक्षा प्रथम फेब्रुवारी १९४८ मध्ये झाली. मराठवाडा निजामी अमलातून मुक्त झाला तेही साल हेच. त्या परीक्षेत बैठकीच्या जातीच्या कोड्यांना पुढे स्वतंत्र विभाग होता. तो ऑगस्ट २०२४ पासून काढून टाकण्यात आला आणि युक्तिवादाच्या प्रश्नांचा वाटा वाढविण्यात आला. आपल्याकडे राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी २००८ साली सुरू झालेल्या क्लॅट या परीक्षेनेही २०२० पासून हीच दिशा धरली. तेथे आता सुमारे साडेचारशे शब्दांचे उतारे येतात आणि त्यांवर निष्कर्ष, गृहीतक, बळकटी, दोष असे प्रश्न येतात. हा बदल योग्यच म्हटला पाहिजे. वकिलाला पंगत मांडावयाची नसते, प्रतिपक्षाचे म्हणणे वाचून त्यातली फट शोधावयाची असते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४६ साली निघालेल्या तिसऱ्या खंडात प्राचीन व्यवहारपद्धतीचे सविस्तर विवेचन केले आहे. त्या पद्धतीत वादीच्या फिर्यादीला जो शब्द होता तोही 'प्रतिज्ञा'च. नैयायिकाची प्रतिज्ञा आणि फिर्यादीची प्रतिज्ञा एकाच नावाने ओळखल्या जाव्यात हा निव्वळ योगायोग नसावा.

महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. त्यांचे दार क्लॅटनेच उघडते, आणि क्लॅट केवळ इंग्रजीत होते. शिरूरच्या मुलाला येथे दुहेरी ओझे आहे. मराठवाड्याला ही स्थिती नवीन नाही. हैदराबाद संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेव्हा त्याचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलाला उच्च शिक्षण घ्यावयाचे तर प्रथम भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे. क्लॅट इतर भारतीय भाषांतही व्हावी अशी मागणी करणारी याचिका २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे आली होती. तो प्रश्न न्यायालयांचा व विद्यापीठांचा आहे. विद्यार्थ्याने तोवर काय करावे? इंग्रजी उतारा वाचताना प्रथम त्याची सांधेवाक्ये शोधावीत. 'देअरफोर', 'हेन्स', 'बिकॉज', 'सिन्स', 'हाउएव्हर', 'अनलेस', 'ओन्ली इफ' असे पंधरा-वीस शब्द पाठ करून त्यांच्यासमोर म्हणून, कारण, परंतु, शिवाय, तरच हे मराठी शब्द लिहून ठेवावेत. उताऱ्यातील कठीण शब्द अडले तरी हे सांधे ओळखता आले म्हणजे प्रतिज्ञा कोणती व हेतू कोणता हे कळते, आणि तेवढ्यावर पुष्कळ प्रश्न सुटतात. घरी सरावासाठी मराठी वर्तमानपत्रातील अग्रलेख पुरे आहे. रोज एक अग्रलेख घ्यावा, लेखकाला शेवटी काय पटवावयाचे आहे ते एका वाक्यात लिहावे, त्याने दिलेले कारण त्याखाली लिहावे, आणि दोहोंमध्ये त्याने जे गिळले ते तिसऱ्या ओळीत लिहावे. अग्रलेखाशी मतभेद असेल त्या दिवशी हा अभ्यास अधिक चांगला होतो. ज्याचे म्हणणे पटते त्याची फट सहसा दिसत नाही.

परीक्षागृहात प्रश्नाचा क्रम असा ठेवावा की आधी विचारणा वाचावी, मग उतारा. निष्कर्ष विचारला आहे की गृहीतक, हे ठाऊक नसता उतारा वाचणे म्हणजे यादीवाचून बाजारास जाणे. बैठकीचे कोडे पहिल्या मिनिटात मांडता आले नाही तर खूण करून पुढे जावे. त्या एका कोड्याच्या वेळात तीन गृहीतके ओळखून होतात. राज्याच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून तेथे एकही प्रश्न कोरा सोडणे अक्षम्य आहे. क्लॅटमध्ये चुकीला पाव गुण वजा होतो, आणि पुष्कळ विद्यार्थी या धाकाने संशयाचे सर्व प्रश्न सोडून देतात. त्यांनी थोडे गणित करावे. चार पर्यायांचे सोळा प्रश्न डोळे मिटून सोडविले तर सरासरीने चार बरोबर येतात व बारा चुकतात. चार गुण मिळतात, तीन जातात, आणि एक उरतो. तो नशिबाचा आहे, त्यावर विसंबू नये. परंतु त्याच सोळा प्रश्नांत व्याप्ती शोधून दोन-दोन पर्याय खोडता आले, तर आठ बरोबर येतात, आठ चुकीच्यांचे दोन गुण वजा होतात आणि सहा हातात राहतात.